दिवा कोणी मालवला

पिंजऱ्यात कापेम्ब्वाला कधी भीती वाटली नाही. पाळी बदलताना खाणीत उतरणाऱ्या त्या लोखंडी पिंजऱ्यात माणसं अशी कोंबलेली असायची की पडायचं म्हटलं तरी पडायला जागा नव्हती. एकमेकांच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून सगळे हेल्मेटवरचे दिवे मालवायचे आणि पिंजरा दगडासारखा खाली सुटायचा. तरी समोर कुणाचं तरी पोट, पाठीत कुणाचं तरी कोपर, दोन्हीकडून खांदे. आपण उभे आहोत हे अंगाला चहूबाजूंनी कळत राहायचं.

धास्ती सुरू व्हायची ती खाली दार उघडल्यावर. माणसं पांगायची, आणि त्याचे आधार आपापल्या कामाला चालू लागायचे.

मग तो डावा हात भिंतीला लावून निघायचा. दिव्याचा उजेड पुढच्या चिखलात पडायचा आणि दर पावलाला उडायचा. नुसता उजेड नाही, रूळ, पाइप, पुढच्या माणसाची पाठ, सगळंच उडायचं. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर लॉरीच्या मागच्या फळीवर बसून बघावं तसं. थांबला की जग थांबायचं. पाऊल टाकलं की पुन्हा धाडधाड.

"अरे माकडखाऊ, भिंत काय चाटतोस? मीठ लावलंय का तिला?" मागून जेरे ओरडला.

"तुझं जेवण पळतंय का बघतोय, मुकादम. शेपटी दिसली की हाक मारतो."

सगळे खिदळले. कापेम्ब्वाही हसला. हसला नसता तर करणार काय होता?

जेरे जमातीने न्गोनी, कापेम्ब्वा बेम्बा. दोघांचे पणजे एकमेकांच्या छातीत भाले खुपसत होते. पुढे म्हातारे शहाणे झाले आणि ठरलं, भाले पुरे, आता जिभा चालवा. तेव्हापासून हे थट्टेचे सोयरे. बेम्बाला माकडं खाणारा म्हणायचं, न्गोनीला उंदीर खाणारा म्हणायचं, आणि रागावेल तो हरला. बेम्बाच्या मयताला न्गोनी सोयरा येतो, शवपेटीवर टिचक्या मारून विचारतो, "काय रे, उठून कर्ज फेडतोस की झोपतोस?" आणि विधवासुद्धा डोक्याचं फडकं तोंडाला लावून हसते. चांगली रीत आहे. हिच्यापायी पुष्कळ रक्त सांडायचं राहिलं. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. जिथं सगळंच थट्टा असतं, तिथं खरं बोलायला तोंड उरत नाही.

कापेम्ब्वाने दोनदा बोलून पाहिलं होतं. एकदा डब्याच्या वेळी, एकदा फाटकाबाहेर.

"मुकादम, काळोखात माझा तोल जातो. मला वरचं काम दे. कसलंही दे, झाडू दे."

"तुम्ही बेम्बा झाडावरून उतरून दिवसच किती झाले?" जेरे म्हणाला होता. "जमिनीची सवय व्हायला वेळ लागतो. सावकाश."

त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे लिहून ठेवतो. वाईट माणसापासून जपता तरी येतं.

खाणीच्या दवाखान्यात तर आणखी गंमत. तिथं 'चक्कर' म्हटलं की कपाट उघडायचं, एवढंच. पहिल्या खेपेला मलेरियाच्या गोळ्या. रक्तात मलेरिया निघाला नाही, तरी गोळ्या. दुसऱ्या खेपेला रक्तदाबाच्या. त्या गोळ्यांनी बसल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढे काळोखी येऊ लागली, ती आणखी निराळीच. त्याने त्या बंद केल्या. तिसऱ्या खेपेला बारक्या पिवळ्या गोळ्या, ज्या घेतल्या की माणूस न्शिमाच्या, मक्याच्या उकडीच्या, ताटावरच पेंगतो. चक्कर म्हणजे तुला नेमकं होतं तरी काय बाबा, गरगरतं, काळोखी येते, की नुसता तोल जातो, आणि कधी, हे विचारायला एक मिनिट लागतं. ते मिनिट तिथं कुणाकडे नव्हतं. सुया टोचायला मात्र वेळ होता.

हो, सुया. आदल्या वर्षी त्याचा छातीचा रोग उलटला होता. एकदा बरा झालेला टीबी पुन्हा आला म्हणून या खेपेला गोळ्यांबरोबर रोज एक सुई. कुल्ल्याचा दगड झाला. खोकला थांबला, वजन भरलं. नर्स म्हणाली, "बरा झालास, देवाचे आभार मान." त्याने मानले. दुसऱ्या आठवड्यात खाणीत उतरला. चालताना जग उडायला तेव्हापासूनच लागलं. पण बरा झालेला माणूस दवाखान्यावर कशाला संशय घेईल?

बाकीच्यांना संशय कचासूचा, गावठी दारूचा. फाटकावर रोज नळीत फुंकावं लागायचं, आणि रोज नळी कोरी निघायची. "नळीला पण त्याने पाजली असेल," लोक म्हणायचे.

*

त्या दिवशी वरच्या थरातल्या पाण्याच्या पाइपाला गळती लागली होती. वर जायला उभ्या कपारीत शिडी, आणि मध्ये मध्ये टेकायला फळ्यांचे माळे. कापेम्ब्वा पुढे, जेरे खाली पहिल्या माळ्यावर.

शिडीचं त्याला तसं जमायचं. हाताला पायरी लागते, डोळ्यांसमोर पायरी दिसते. पण चढता चढता त्याचा दिवा पिवळा पडला, लाल झाला आणि गेला. दिव्याच्या खोलीत जुन्या बॅटऱ्या चार्ज न करताच देतात, हे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना माहीत. तक्रार करणाऱ्याला उद्या त्याहून जुनी मिळते.

तो थांबला. जेरेचा उजेड खालून येत होता. त्यात त्याला स्वतःचे हात दिसत होते. तेवढं पुरे होतं.

"मुकादम, माझा दिवा गेला. तुझा वर धरून ठेव. मी उतरतो."

"माकडाला झाडावर दिवा लागतो होय?" जेरे हसला. "हे घे मग."

आणि त्याने आपला दिवा मालवला.

जमिनीखालचा काळोख म्हणजे रात्र नव्हे. रात्रीला आकाश तरी असतं. हा काळोख डोळ्यांत चिखल भरावा तसा भरतो. कापेम्ब्वाच्या हाताला ओली पायरी लागत होती, तळव्याखाली ओली पायरी होती, पण त्या पायऱ्या कुठे होत्या हे त्याला सांगता येईना. शिडी हळूहळू मागे कलली. मग आडवी झाली. मग तोच शिडीच्या खालच्या बाजूला लोंबकळायला लागला. असं काही होत नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग काय? वर कुठे आणि खाली कुठे हे आतून सांगणारं माणसात जे काही असतं, ते त्याच्यात राहिलंच नव्हतं. गरगरत नव्हतं. गरगरलं असतं तर निदान कशाभोवती तरी गरगरलं असतं.

"जेरे! दिवा लाव!"

"नाक्यावरच्या चर्चमध्ये जाऊन लाव मेणबत्ती!"

"जेरे, थट्टा नाही! आईशपथ थट्टा नाही!"

थट्टा नाही! सोयरा चिडला की हेच तर म्हणतो. यावर तर जास्तच हसायचं असतं. खालून हसू आलं. कपारीत ते घुमलं आणि चहूकडून आलं, त्यामुळे जेरे खाली आहे की वर, तेही कळेनासं झालं. कापेम्ब्वाने शिडीला मिठी मारली आणि खालची पायरी चाचपायला एक पाय सोडला. पाय गेला तिथं पायरी नव्हती. जिथं खाली आहे असं त्याच्या अंगाला वाटत होतं, तिथं खाली नव्हतंच.

उजेड परत आला तेव्हा तो माळ्याच्या फळ्यांवर पडला होता आणि त्याचा उजवा हात मनगटापासून भलतीकडे वळला होता. वर जेरेचं तोंड.

"ऊठ रे. ऊठ, नाटक पुरे," जेरे म्हणाला. मग त्याने हात पाहिला.

*

मनगट मोडलं, दोन बरगड्यांना चीर. डोक्याला काही नाही. दुसऱ्या दिवशी खाणीचा सुरक्षा अधिकारी खाटेशी आला. जेरे पायथ्याशी उभा होता.

"दारू?"

"नाही साहेब. नळी बघा."

"दिवे चालू होते?"

जेरे भिंतीकडे बघायला लागला. त्याने खूण केली नाही, डोळा मारला नाही, काही मागितलं नाही. पण सोयऱ्याची थट्टा साहेबाच्या टेबलावर नेणारा बेम्बा कापेम्ब्वाने जन्मात पाहिला नव्हता. आणि शिडीवरच्या माणसाचा उजेड मालवला, हे साहेबाला कळलं की मुकादम त्याच संध्याकाळी घरी, पोराबाळांसकट खाणीच्या क्वार्टरबाहेर.

"होते," कापेम्ब्वा म्हणाला. "दोन्ही."

"मग पडलास कसा?"

"चक्कर आली."

अधिकाऱ्याने डोकं हलवलं. त्याचं गणित सोपं होतं. दारू नाही, उजेड आहे, तरणाताठा माणूस शिडीवरून सुटतो, म्हणजे मिरगी. मिरगीचा माणूस खाली नको, वरच्या यंत्रांपाशी नको, फाटकावरही नको. आणि मिरगी काय, आईच्या पोटातून आणलेली. तिच्याशी खाणीचा संबंध नाही, दवाखान्याचा नाही, कुणाचाच नाही. आता फक्त डॉक्टरांची सही हवी होती.

सोयऱ्याचं दार उघडं राहावं म्हणून कापेम्ब्वाने आपलं बंद केलं होतं, आणि कडी आतून नव्हे, बाहेरून लागली होती.

*

डॉक्टरबाई किट्वे शहरातून आठवड्यातून एकदा यायच्या. डॉ. मुबिता, लोझी मुलखातल्या, थोराड बांध्याच्या, आवाज बसलेला. बेम्बा-न्गोनीच्या थट्टेशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कापेम्ब्वा आत आला, बरोबर बायको न्कांडू. बाहेरच्या बाकावर जेरे बसला होता. रोज यायचा. भीतीने यायचा की मायेने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"चक्कर येते असं इथं लिहिलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा शब्द बाजूला ठेवा. मला होतं काय ते सांगा. खोली फिरते?"

"फिरत नाही, बाई. उडते. चालताना."

त्यांनी मान वर केली. "बसल्यावर?"

"काही नाही."

"कूस बदलताना? मान वर करून बघताना?"

"नाही."

तरी त्यांनी त्याला बरगड्या सांभाळत झटकन आडवं केलं, डोकं एका बाजूला वळवून टेबलाच्या कडेखाली धरलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिल्या. मग दुसऱ्या बाजूला. "कानातले खडे सुटलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "ते असते तर आत्ता तुम्ही माझ्या अंगावर ओकला असता." आडव्याचा रक्तदाब घेतला, उभं करून पुन्हा घेतला. ठीक. बोट डोळ्यांपुढून इकडून तिकडे नेलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, टाच नडगीवरून घसरवायला सांगितली. जीभ, चेहरा, बोलणं. "मेंदूला धक्का नाही. पडण्याआधी शुद्ध गेली? जीभ चावली? कपडे ओले झाले?"

"शुद्ध होती," कापेम्ब्वा म्हणाला. "सगळी होती."

"मग ही कसली मिरगी?"

त्यांनी दोन्ही तळहातांत त्याचं डोकं धरलं. "माझ्या नाकाकडे बघा. नाक सोडायचं नाही." आणि डोकं अचानक झटक्यात वळवलं. कापेम्ब्वाला नाक सुटलेलं कळलं. नाक डावीकडे गेलं आणि त्याला ते पुन्हा शोधावं लागलं. दुसरीकडून झटका. पुन्हा सुटलं. डॉक्टरबाई हळू म्हणाल्या, "दोन्ही."

भिंतीवरच्या अक्षरांची खालची ओळ त्याने घडाघडा वाचली. मग त्यांनी त्याचं डोकं नाहीनाही म्हणायला हलवतात तसं हलवत ठेवलं आणि म्हणाल्या, वाचा. त्याला वरचं थोरलं अक्षरसुद्धा वाचता येईना. शेवटी खाटेवरची गादी खाली टाकून त्यावर उभं केलं. उभा राहिला.

"आता डोळे मिटा. मी धरलंय."

त्याने डोळे मिटले, आणि शिडी परत आली. झाड तोडल्यासारखा तो कलंडला. डॉक्टरबाईंनी आणि न्कांडूने मिळून त्याला सावरलं.

"घरी पण असंच," न्कांडू एकदम बोलायला लागली. "लाइट गेली की यांना पोरगी धरून न्यायची संडासाला. मी म्हणते पिऊन आलात. हे म्हणतात नाही. मी तोंडाचा वास घेते, वास नाही. तरी मी भांडते, बाई. कशाशी भांडते मलाच कळत नाही."

"सुया घेतल्या होत्या? टीबीच्या?"

"रोज," कापेम्ब्वा म्हणाला. "दोन महिने. जास्तच."

"वाटलंच." त्या खुर्चीत बसल्या. "कानात दोन कामं चालतात. ऐकायचं आणि तोल सांभाळायचं. त्या सुईने तुमची छाती वाचली आणि तोलाचं यंत्र जळलं, दोन्हीकडचं. ऐकू नीट येतं, म्हणून कानावर कुणाचा संशय गेला नाही. सुया चालू असताना एकदा कुणी तुम्हाला डोळे मिटून उभं केलं असतं तर कळलं असतं."

"कुणी केलं नाही."

"नाही करत."

"औषध?"

"याला नाही. आतलं परत उगवत नाही. डोळ्यांना आणि पायांना थोडं शिकवता येईल, ते मी शिकवीन. पण काळोखात तुमचे डोळे कामाला नाहीत, चिखलात तुमचे पाय कामाला नाहीत. खाली जायचं नाही. कधीच." त्यांनी सुरक्षा अधिकाऱ्याचा कागद ओढला. "हे उपचाराने झालंय, जन्माने नाही. खाणीच्याच दवाखान्याने केलेल्या उपचाराने. तुम्हाला वरचं काम देणं त्यांना भाग आहे. पण एक अडचण आहे."

कापेम्ब्वाला ती आधीच कळली होती.

"इथं तुमच्याच तोंडचं आहे, दोन्ही दिवे चालू होते. उजेडात, हातात पायरी असताना, हा आजार माणसाला शिडीवरून पाडत नाही. उजेड होता असं तुम्ही म्हणत असाल, तर मी तपासलं ते सगळं खोटं ठरतं. ते म्हणतील, असेल तोलाचं काही, पण पडला मिरगीनेच. मी आज सही केली नाही तर उद्या दुसरा कुणी करेल." त्यांनी पेन खाली ठेवलं. "काळोख होता का?"

न्कांडू त्याच्याकडे बघत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. "मुलेंगाचे बाबा? होता का काळोख? बोला की!"

बाहेरून जेरेचा आवाज आला. बाकावरच्यांची करमणूक चालली होती. "आत एक बेम्बा आहे. डॉक्टरबाई त्याला दोन पायांवर चालायला शिकवतायत. वेळ लागेल, बसा निवांत!" बाक खदखदला. अगदी जवळचा, प्रेमाचा आवाज होता तो. शिडीखालून आला होता तोच.

कापेम्ब्वाच्या तोंडात सवयीने उत्तर तयार झालं, उंदराचं, शेपटीचं. त्याने ते गिळलं.

"माझा दिवा विझला होता," तो म्हणाला. "दुसरा जेरेने मालवला. थट्टा म्हणून."

न्कांडूचा हात तोंडावर गेला.

"तुम्हाला काळोखात त्रास होतो, हे त्यांना माहीत होतं?"

"दोनदा सांगितलं होतं. तो हसला." तो थांबला. "मीही हसलो."

डॉक्टरबाईंनी लिहिलं. वाचून दाखवलं. डाव्या हाताने त्याने सही केली, पोरासारखी वाकडी.

*

दार उघडलं तसा जेरे उभा राहिला. "काय रे, फुटली का शेपटी?" बाकावरची माणसं आधीच हसायला लागली आणि बेम्बा काय उत्तर देतो म्हणून कापेम्ब्वाकडे वळली.

"मी सांगितलं," कापेम्ब्वा म्हणाला.

"काय सांगितलंस? आजी माकडाशी पळाली ते?"

"दिव्याचं."

जेरेचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ओढून बांधल्यासारखं. बाकावर एकदोघे अजून हसत होते. त्यांना वाटलं, ही पण थट्टाच.

"तू सोयरा आहेस माझा," जेरे हळू म्हणाला.

"आहे. म्हणून आधी खोटं बोललो."

"माझी पोरं आहेत, कापेम्ब्वा."

"माझी काय उंदरं आहेत?"

जुनाच वार होता. पण हसायला कुणी पुढे आलं नाही. जेरेच्या मानेची शीर फुगली. हात उचलला जाईल असं वाटलं. न्कांडू मध्ये सरकली.

"आणि मी तुझ्यावर रागवायचं पण नाही, ना?" जेरे म्हणाला. आवाज फाटला होता. "सोयरा म्हणून?"

"नाही," कापेम्ब्वा म्हणाला. "मला कुठं आलं होतं रागवता?"

जेरे बाकावर बसला. शेजारच्यांनी त्याला जागा दिली, जरा जास्तच दिली. कापेम्ब्वा तिथंच उभा राहिला. जग उडत नव्हतं, कारण तो हलत नव्हता. न्कांडूने त्याला दंडाला धरून ओढलं, तेव्हा ते पुन्हा उडायला लागलं, आणि जेरेचं खाली घातलेलं डोकं त्याच्याबरोबर वर-खाली, वर-खाली होत राहिलं, मान हलवून हो म्हणत असल्यासारखं. तो हो म्हणत नव्हता.